नवी कॉइल टाकली तरी परत करपट चव? तार कापण्याआधी कापूस बघा

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) स्वतः कॉइल बांधायच्या आरटीएवर (टाकी असलेल्या) किंवा आरडीएवर (टाकी नसलेल्या, लिक्विड थेंबाने टाकायच्या) नवीन कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी गुंडाळलेली तार, बसवली. पहिला दिवस मस्त गेला, दुसऱ्या दिवशी चव बोथट झाली, तिसऱ्या दिवशी घसा ओरबाडणारा करपट झुरका. मग तार कापायची, नवी गुंडाळायची, आणि तीन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. काहीजण वायरचा ब्रँड बदलतात, काहीजण थेट नवीन टँक घेतात. दुकानदाराची चंगळ होते, करपट चव जागची हलत नाही.

माझं मत सरळ आहे. साधी गोल तार इतक्या लवकर मरत नाही. कँथल या मिश्रधातूची कॉइल नीट साफ करत राहिलात तर आठवडेच्या आठवडे चालते. मरतो तो कॉइलमधून ओवलेला, लिक्विड शोषणारा कापूस, आणि तो का मरतो हे शोधायचं सोडून आपण तारेला शिक्षा देत बसतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे लिखाण ब्रिटनमध्ये किंवा आखाती देशांत राहणाऱ्या, आधी सिगारेट ओढणाऱ्या आणि आता वाफेवर आलेल्या मंडळींसाठी आहे. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली, तेव्हापासून बरेच लोक भरून वापरायच्या उपकरणांकडे वळले आणि त्यातले काही हौशी थेट कॉइल बांधायला लागले. भारतात मात्र २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गणपतीला घरी जाताना किट बॅगेत टाकू नका, इथेच ठेवा. आणि जो कधी सिगारेटच ओढत नव्हता त्याने यात शिरायचं काही कारण नाही.

करपट चव येते कुठून

कॉइल तापते, कापसातलं लिक्विड उकळतं, वाफ निघते. लिक्विड उकळत आहे तोवर तारेचं तापमान आवाक्यात राहतं, कारण उष्णता वाफ करण्यात खर्च होते. प्रॉपिलीन ग्लायकॉल साधारण १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० च्या आसपास. कापूस कोरडा पडला की उष्णतेला जायला वाट राहत नाही, तार झपाट्याने तापते आणि कापूसच भाजायला लागतो. समईत तेल आहे तोवर वात टिकते, तेल संपलं की वात जळते, तसंच हे.

एकदा भाजलेला कापूस पुन्हा ओला करून सुधारत नाही. "थोडं लिक्विड टाकून बघू, दोन झुरक्यांत जाईल" असं म्हणणारे भेटतात. जात नाही. आणि ओढत राहणं बरंही नाही, कारण लिक्विड जास्त तापलं की ग्लिसरीनमधून अ‍ॅक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ५ व्होल्टवर चालवलेल्या उपकरणातल्या फॉर्मल्डिहाइडबद्दल पत्र छापून आलं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. टीकाकारांचं म्हणणं असं की इतक्या कोरड्या, जळक्या झुरक्याला माणूस स्वतःच तोंड फिरवेल. वाद काहीही असो, आपल्या कामाचा मुद्दा त्यातच आहे: करपट चव लागली की थांबायचं.

कापूस काढा आणि नीट बघा

इथे लोक घाई करतात. कापूस चिमट्याने ओढून सरळ कचऱ्यात टाकतात. तो टिश्यूवर ठेवून उजेडात बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

रेडिंगचा एक मित्र गेल्या हिवाळ्यात याच त्रासाने वैतागला होता. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "अरे, तार बदलली, लिक्विड बदललं, परत तेच! आता टँकच विकतो." म्हटलं, कापूस काढ आणि कॅमेऱ्यासमोर धर. मधला भाग काळा ठिक्कर, कॉइलबाहेर येणाऱ्या दोन्ही शेपट्या पांढऱ्याशुभ्र आणि टोकाशी जवळजवळ कोरड्या. "शेपट्या तर नवीनच दिसतायत रे," म्हणाला. तेच तर दुखणं होतं. टाकीत लिक्विड काठोकाठ होतं, पण ते कॉइलपर्यंत पोचतच नव्हतं. त्याने लिक्विड आत येतं त्या खाचांमध्ये एवढा कापूस ठासला होता की बूचच बसलं होतं. शेपट्या विरळ केल्या, तारेला हातही लावला नाही, आणि टँक अजून त्याच्याकडेच आहे.

तर मधला भाग काळा आणि शेपट्या पांढऱ्या म्हणजे पुरवठा तुंबला आहे. कापूस ओलाचिंब असून सगळीकडे तपकिरी, आणि तारेवर चिकट काळं कीटण बसलेलं, म्हणजे लिक्विडमधली गोडी. फक्त डावी किंवा फक्त उजवी बाजू जळलेली असेल तर त्या बाजूची खाच तुंबली आहे, नाहीतर कॉइलचा त्या बाजूचा पाय (तारेचं सरळ टोक) जास्त तापतो आहे. कापसावर मध्येच एक बारीक जळकी रेघ उठली असेल तर तिथला एखादा वेढा बाकीच्यांपेक्षा जास्त लाल होतो.

कापूस किती आणि कसा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं सविस्तर.

कॉइलमधून कापूस ओढताना हलका अडथळा जाणवला पाहिजे. कॉइल किंचित हलली तर हरकत नाही, वाकली तर कापूस जास्त झाला. सैल राहिला तर तारेला सगळीकडून टेकत नाही, आणि जिथे टेकत नाही तिथे तार कोरडी तापते. थोडक्यात, फार कमी आणि फार जास्त, दोन्हींचा शेवट करपट चवीतच होतो. बुटाच्या नाडीसारखा टोक बांधलेला तयार कापूस मिळतो, तो ३ मि.मी. आतल्या व्यासाच्या कॉइलमध्ये बहुधा बेताचा बसतो. २.५ च्या कॉइलमध्ये तोच कोंबायला जाऊ नका, थोडा सोलून बारीक करा. औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या कापसाच्या गुंडाळीने काम भागतं असं सांगणारे जुने लोक आहेत. तो बऱ्याचदा ब्लीच केलेला असतो आणि त्याची चव सुरुवातीला वाफेत येते. व्हेपसाठीचा कापूस काही महाग नाही, उगाच काटकसर करू नका.

आता शेपट्या. आरडीएमध्ये त्या डेकच्या (कॉइल बसते त्या बैठकीच्या) तळाला नुसत्या टेकल्या की पुरे, कारण लिक्विड तिथेच साचतं. आरटीएमध्ये मात्र शेपट्यांना दोन कामं असतात: लिक्विड ओढायचं आणि जास्तीचं अडवायचंही. कॉइलच्या बाहेर आलेला कापूस डेकच्या कडेच्या किंचित बाहेर येईल इतका ठेवून कापा, मग चिमट्याच्या टोकाने विंचरा. दाट गाभ्यातले काही धागे निघून जातात, टोक पिसासारखं मोकळं होतं. ते खाचेत अलगद बसवा. खाच झाकली गेली पाहिजे, भरली जाता कामा नये. चिमट्याने खाली दाबायचा मोह होतो, तो आवरा.

कापूस कमी झाला तर टँक गळतो, हवेच्या भोकांतून लिक्विड बोटांवर येतं. या गळतीच्या भीतीनेच लोक कापूस ठासतात आणि मग करपट चवीच्या फेऱ्यात सापडतात. मला विचाराल तर सुरुवातीला थोडं गळलेलं परवडलं. गळतीतून एक पायरी मागे येणं सोपं असतं.

बसवून झाल्यावर कापसावर लिक्विड थेंबाथेंबाने टाका, कॉइलच्या वर आणि दोन्ही शेपट्यांवर. कमी वॅटवर एकदोनदा क्षणभर बटण दाबा, वाफ उठली पाहिजे, तडतड फार नको. मग टोपण लावून टाकी भरा आणि पाचदहा मिनिटं तशीच उभी राहू द्या. दाट लिक्विडला जास्त वेळ द्या. भरून लगेच तीस वॅटवर झुरका ओढणं म्हणजे नवीन कापूस पहिल्याच मिनिटाला जाळणं.

पुरवठा चालू आहे की नाही हे बघायची सोपी खूण म्हणजे बुडबुडे. झुरका ओढल्यावर टाकीत खालून एखाददुसरा बुडबुडा वर येतो, कारण जेवढं लिक्विड आत गेलं तेवढी हवा टाकीत यावी लागते. चारपाच झुरके झाले तरी एकही बुडबुडा दिसला नाही तर थांबा. कधीकधी टाकीत नुसता हवेचा ताण अडकलेला असतो, भरायचं झाकण क्षणभर उघडून बंद केलं की सुटतो. तरी बुडबुडे नाहीत, तर शेपट्या विरळ करा.

गोड लिक्विडची किंमत

कस्टर्ड, डोनट, बबलगम, रसमलाईच्या नावाने येणारी लिक्विडं, यांच्यात बहुतेकदा सुक्रालोज असतं. ते वाफ होऊन जात नाही, तारेवर बसून करपतं आणि काळं कवच तयार होतं. वरून कापूस कितीही नीट लावा, असं लिक्विड दोनतीन दिवसांत कॉइल काळी करतं. तुमची कॉइल मेन्थॉलवर आठवडा जाते आणि कस्टर्डवर दोन दिवस, तर तुमच्या हाताला दोष नाही. गोड सोडवत नसेल तर कापूस लवकर बदलायची सवय लावा, दुसरा इलाज नाही. बाटलीतलं लिक्विड मुळातच गडद तपकिरी असेल तर कीटणही लवकर येणार हे धरून चाला.

दाटपणाही बघा. ८० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड बारीक खाचांच्या टँकमध्ये हळू चालतं, आणि जानेवारीत थंड गाडीत ठेवलेला टँक सकाळी पहिलाच झुरका करपट देतो. तिथे काही बिघडलेलं नसतं. टँक खिशात ठेवून जरा ऊब द्या, किंवा हिवाळ्यापुरतं ७०-३० किंवा ६०-४० चं (ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या प्रमाणाचं) लिक्विड वापरा.

वॅटचा मोह

मॉडवर (टँक ज्यावर बसतो त्या बॅटरीच्या उपकरणावर) शंभर वॅट लिहिले आहेत म्हणून ते लावायचेच असं नाही. अंदाज यावा म्हणून दोन साध्या कॉइल सांगतो. २६ गेज कँथल, ३ मि.मी. व्यास, सहा वेढे: पायांसकट साधारण ०.८ ओहम येतो, आणि १८ ते २२ वॅटवर ती खूश असते. २४ गेज नायक्रोम ८०, तोच व्यास, तेवढेच वेढे: ०.४ ओहमच्या आसपास, २५ ते ३० वॅट. तारेचा पृष्ठभाग जेवढा मोठा तेवढी उष्णता ती लिक्विडला सुखाने देऊ शकते. नुसता ओहम बघून वॅट ठरवला तर चुकतो. खालून सुरुवात करा, दोनदोन वॅटने वर जा, चव उतरायला लागली की दोन पावलं मागे या. आणि एकामागून एक सलग झुरके ओढणाऱ्याला कोणतीच कॉइल पुरत नाही, कापसाला परत भिजायला काही सेकंद लागतातच.

तार साफ करणं

कापूस बदलायचा आणि तार ठेवायची, हा नित्यक्रम. गोड लिक्विडवर दर दोनतीन दिवसांनी, साध्यावर आठवड्याने. कापूस काढा, मॉड १० ते १५ वॅटवर आणा, आणि एकेक सेकंदाच्या छोट्या दाबांनी कॉइल मंद लाल होऊ द्या. कीटण जळून राख होते. लखलखीत पिवळी होईपर्यंत तापवायचं काहीही कारण नाही. स्टेनलेस स्टीलची ३१६एल तार तर आणखी जपून, आणि टायटॅनियमची किंवा शुद्ध निकेलची तार अशी कोरडी अजिबात तापवू नका.

मग टँक मॉडवरून काढा. हे विसरू नका, मॉडवर असताना पाण्याखाली धरायचं नाही. कॉइल निवू द्या, पाण्याखाली धरून जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासा. लालभडक कॉइल पाण्यात बुडवून चर्रर्र आवाज काढणारे व्हिडिओ बघायला छान वाटतात, पण असल्या धक्क्याने तार ठिसूळ होते आणि डेकवरच्या प्लॅस्टिकच्या इन्सुलेटरलाही बरं नाही. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड आहे, तुमची केटल आतून बघा म्हणजे कळेल. तोच क्षार तारेवर पांढरा बसतो, म्हणून शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा. टिपून घ्या, पूर्ण वाळू द्या, परत एकदा हलकं तापवा आणि सगळे वेढे सारखे लाल होतात का ते बघा.

कॉइल मध्यापासून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे सारखी लाल झाली पाहिजे. मध्येच एखादा वेढा आधी पेटत असेल तर सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने वेढ्यांवरून हलकं खरवडा, मग क्षणभर बटण दाबा, परत खरवडा. धातूचा चिमटा हे करताना बटण दाबलेलं असताना लावलात तर शॉर्ट होईल. पाय आधी लाल होत असतील तर पोस्टचा (तारेचे पाय पकडणाऱ्या खांबाचा) स्क्रू ढिला आहे किंवा पाय फार लांब ठेवले आहेत.

तार खरंच कधी बदलायची

घासून, तापवून, खरवडूनही एखादा वेढा एकटाच पेटत राहिला. काळं कवच उतरतच नाही. तार कुठे बारीक झाली किंवा चिमटा लावताच मोडते असं वाटलं. किंवा बांधली तेव्हाच्या मानाने ओहम बराच बदलला आणि स्क्रू घट्ट करूनही परत येत नाही. यातलं काहीही दिसलं की बदला, तिथे चिकाटीचं काम नाही.

नवी बसवताना तीन गोष्टी जागच्या जागी हव्यात. कॉइलची उंची अशी की हवा तिच्या पोटाला लागेल, साधारण हवेच्या भोकापासून एकदीड मि.मी. वर. पायांची कापलेली टोकं पोस्टच्या बाहेर डोकावता कामा नयेत, कारण चिमणी (वाफेची मधली नळी) खाली बसली की ती टोकं तिला टेकतात आणि मॉड शॉर्ट दाखवतो. आणि स्क्रू घट्ट, पण २८ गेजसारखी बारीक तार चिरेल इतका पिळू नका.

ओहम उड्या मारतो, मॉड कॉइल ओळखतच नाही

याचा कापसाशी संबंध नाही, पण लोक दोन्ही दुखणी एकत्र सांगतात म्हणून लिहितो. ०.४ चे ०.४६, मग ०.३९, मग स्क्रीनवर कॉइल नाही असा संदेश. क्रम असा: आधी पोस्टचे स्क्रू, नंतर टँकच्या तळाची मधली पिन. ती टिश्यूने पुसा, सुकलेल्या लिक्विडचा थर असतो. मग मॉडवरची पिन, कोरड्या कापसाच्या काडीने. कँथलचा ओहम गरम झाल्यावर फारसा हलत नाही, त्यामुळे उडी दिसली तर जोड ढिला आहे हे नक्की समजा. स्टीलचा मात्र तापल्यावर वाढतोच, म्हणून गरम टँक मॉडवर लावून त्याला ओहमची नवी नोंद घेऊ देऊ नका, निवल्यावर लावा.

मेकॅनिकल मॉडवर (आत संरक्षणाचं सर्किट नसलेल्या) असाल तर हिशेब स्वतः करा. पूर्ण चार्ज बॅटरी ४.२ व्होल्टची. ०.४ ओहमवर साडेदहा अँपिअर, ठीक. ०.१५ वर २८ अँपिअर, आणि सॅमसंग २५आरसारखी चांगली १८६५० आकाराची बॅटरीही सतत फक्त २० अँपिअरची. तिचं वरचं आवरण फाटलेलं असेल तर ती बॅटरी आजच बाजूला काढा. सुटी बॅटरी चाव्या-नाण्यांबरोबर खिशात नको, तिला प्लॅस्टिकची डबी येते. लिक्विड हाताला लागलं तर लगेच धुवा, आणि बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर.

एवढं सगळं करूनही दर तिसऱ्या दिवशी करपतच असेल तर एक टाकीभर अजिबात गोडी नसलेलं, साधं मेन्थॉल किंवा बिनचवीचं लिक्विड चालवून बघा. त्यावर कापूस आठवडाभर नीट राहिला तर दोषी बाटली. त्यावरही करपला तर डेककडे वळा: खाचांत जुन्या कापसाचे तंतू अडकलेत का, भिंगातून बघा, आणि पोस्टचे स्क्रू टँकबरोबर आलेल्या सुट्या भागांच्या पुडीतून नवे लावा. त्यांचे आटे गेले की ते घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण तार पकडत नाहीत.